ड्युरियन खायचा तर बालिक पुलाऊला, झाडाखालीच

ड्युरियन म्हटलं की जो तो वासावरच घसरतो. वास आहेच, गंधकाच्या संयुगांचा, डोक्यात जाणारा, आणि मलेशियातल्या पेनांग बेटावर, जॉर्जटाउन शहरातल्या हॉटेलांमध्ये ड्युरियनच्या चित्रावर फुली मारलेल्या पाट्या काही उगाच लावलेल्या नसतात. पण मला विचाराल तर या फळाची खरी गंमत ते पडतं कसं यात आहे, आणि ते बघायला पेनांग बेटाच्या मागच्या अंगाला, बालिक पुलाऊला जायचं, जून-जुलैच्या सुमारास.

घाटातून बस पलीकडे उतरते आणि रस्त्याकडेला ड्युरियनचे ढीगच सुरू होतात. तिथे न थांबता सरळ वर बागेत गेलो. डोंगरउतारावर उंचच उंच झाडं आणि खाली सगळीकडे ताणून बांधलेल्या जाळ्या. मलेशियात ड्युरियन सहसा तोडत नाहीत, पिकून आपोआप गळायची वाट बघतात. थायलंडमध्ये थोडा आधीच कापून उतरवतात, म्हणून तो लांबचा प्रवास झेलतो, इथला मात्र पडल्यापासून काही तासांतच चव बदलायला लागतो. बरीचशी फळं रात्रीच पडतात, दोन-दोन किलोचं काटेरी धूड एवढ्या उंचावरून, डोक्यात बसलं तर विषयच संपला!

आणि हा चक्क आपल्या काटेसावरीच्या कुळातला, म्हणजे भेंडी-कापसाचाही नातेवाईक. फुलं थेट जाड फांद्यांवर झुबक्यांनी लागतात, संध्याकाळी उमलतात आणि मध प्यायला वटवाघळं येतात, परागीभवनाचं मोठं काम तीच करतात. बागवाले अंकल वटवाघळांबद्दल इतक्या कौतुकाने बोलत होते की जणू बागेत कामालाच ठेवलीयत.

अंकलनी आधी फळ कानाशी धरून हलवलं, आत बी किंचित हलल्याचा आवाज आला पाहिजे म्हणे. मग देठ बघितला, ओलसर होता. फळ उलटं केलं, बुडाशी शिवणीसारख्या पुसट रेषा एकत्र येतात तिथे सुरीचं टोक खुपसून पिळलं, आणि कर्रकन उघडलं. पांढऱ्या कप्प्यात नारिंगी गर, हा ‘आंग हे’ नावाचा वाण, नोंदणी क्रमांक डी १७५, याच भागातला. वरून पातळ पापुद्रा, आत नुसती घट्ट मलई, गोड आणि शेवटी हलकीशी कडसर चव. नंतर मुसांग किंग, १९९३ साली डी १९७ म्हणून नोंदलेला, गर्द पिवळा आणि जास्त कडू. मुसांग किंगचा एवढा गाजावाजा मला तरी जरा जास्तच वाटला, त्यापेक्षा जुन्या झाडाचा एक बिननावाचा गावठी होता, त्याने जीभ चक्क बधिर झाली, तो सगळ्यात भारी! क्रम मात्र पाळा, सौम्य आधी आणि कडू शेवटी, नाहीतर आंग हे पाणचट लागेल.

२०२४ पासून मलेशियाचा ताजा ड्युरियन चीनलाही जायला लागलाय, विमानाने. आम्ही मात्र हॉटेलवर न्यायची सोय नाही म्हणून सगळा तिथेच संपवला, वर मँगोस्टीन नावाची फळं खाल्ली आणि ड्युरियनच्या रिकाम्या सालीत पाणी ओतून त्यानेच हात धुतले. वास जातो म्हणतात. बसमध्ये शेजारची बाई उठून पुढे जाऊन बसली.