सात नंबरची मेट्रो आणि एक पुरस्कार

माझी भाची पॅरिसला शिकते आणि इव्री नावाच्या उपनगरात भाड्याने राहते. माझं तिकीट निघालं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "मावशी, माझ्या स्टेशनबाहेर एक बिल्डिंग आहे. ती सगळीच्या सगळी सेट-स्क्वेअरने काढल्यासारखी दिसते. तू वेडी होशील." तिला माहीत होतं कुठे बोट ठेवायचं ते. पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काम केलं. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंग पेन, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत जाणारा वास, आणि पुढे कॉम्प्युटर. पंचेचाळीस अंशांचा सेट-स्क्वेअर अजूनही माझ्या टेबलाच्या खणात आहे.

जाण्याआधी थोडं वाचलं. ती बिल्डिंग ज्याँ रनोदी या आर्किटेक्टची. त्यांना 1978 साली फ्रान्सचा राष्ट्रीय वास्तुकला पुरस्कार मिळाला होता. हा पुरस्कार तिथलं संस्कृती मंत्रालय देतं, 1975 पासून. आता तो दर वर्षी नसतो, दोन-चार वर्षांनी एकदा जाहीर होतो. पुरस्कार मिळालेल्यांची नावं आणि मेट्रोचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बसले, तर गुलाबी रंगाच्या सात नंबरच्या लाइनवर एकामागून एक त्यांची कामं सापडायला लागली. मग ठरवलं, दोन दिवस हीच लाइन धरायची.

सुरुवात मध्यावरून केली, पाले रॉयाल स्टेशनपासून, कारण पुरस्कार देणारं मंत्रालयच तिथे आहे. जुन्या राजवाड्याच्या चौकात दानिएल ब्युरेन या कलावंताचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे 260 खांब आहेत, काही गुडघ्याएवढे, काही डोक्यावर जाणारे. लहान मुलं त्यांच्यावर उभी राहून फोटो काढून घेत होती. मंत्रालयाची दुसरी इमारत पलीकडच्याच रस्त्यावर आहे. वेगवेगळ्या काळातल्या इमारतींना फ्रान्सिस सोलेर यांनी स्टीलची एकच जाळी नेसवली आहे. नेसवली हाच शब्द बरोबर आहे, कारण जाळीच्या आतून जुन्या भिंतीचे काठ दिसत राहतात. सोलेर यांचा पुरस्कार 1990 चा.

तिथून दक्षिणेकडे ज्यूसिय स्टेशन. अरब जगत संस्था. ज्याँ नूव्हेल यांना 1987 साली पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ही इमारत उघडली. ती करताना आर्किटेक्चर-स्टुडिओ हा गटही त्यांच्या बरोबर होता. दक्षिणेच्या काचेवर 240 चौकोन आहेत आणि प्रत्येकात कॅमेऱ्याच्या भिंगासारख्या उघडमीट करणाऱ्या धातूच्या पाकळ्या. आतून पाहिलं की जमिनीवर उन्हाची नक्षी पडते. सुंदर आहेच. नवव्या मजल्यावरच्या गच्चीतून सेन नदी बघितली, सँडविच खाल्लं आणि खाली उतरलो. माझं मन पुढच्या स्टेशनांकडे लागलं होतं.

मेरी दिव्री हे लाइनचं शेवटचं स्टेशन. बाहेर आलो, रस्ता ओलांडला आणि मी फूटपाथवरच थांबले. काँक्रीटची टोकंच टोकं. एका मजल्याचं टोक खालच्या मजल्याच्या छपरावर आलेलं, त्या छपरावर माती, मातीत झाडं, त्या झाडांच्या डोक्यावर पुन्हा वरच्या घराचं टोक. आयव्हीचे वेल तीन-तीन मजले खाली लोंबत होते. कुठे बर्चसारखं पांढऱ्या खोडाचं झाड, कुठे वाळत घातलेल्या चादरी. खाली दुकानं, मधून जिने, बोळ, पूल. या संकुलाचं नाव ज्यान हाशेत. ही 1472 मध्ये बोव्हे शहराच्या तटावर हातात कुऱ्हाड घेऊन बर्गंडीच्या सैन्याशी लढलेली बाई. नाव वाचून मला बरं वाटलं.

या संकुलात 40 घरं आहेत आणि एकासारखं दुसरं नाही. ज्याने प्लॅन काढले आहेत त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. आमच्या ऑफिसात एक टिपिकल फ्लोअर प्लॅन काढला की झालं. आरसा धरल्यासारखा तो उलटवायचा, वर सात मजले तोच. इथे चाळीस वेळा नव्याने भिंत कुठे, दार कुठे, ड्रेनेजचा पाइप कुठून उतरणार याचा विचार. तोही हाताने, 1970 ते 1975 च्या काळात. आणि ही श्रीमंतांची घरं नव्हती. नगरपालिकेने बांधलेली, कमी भाड्याची, कामगारांसाठीची. इव्रीची नगरपालिका तेव्हा कम्युनिस्टांची होती आणि सामान्य माणसाला बाग मिळाली पाहिजे हे तिथे गंभीरपणे घेतलं गेलं.

एका जिन्याने वर चढत होतो तेव्हा गच्चीत पाणी घालणाऱ्या एका आजींनी हाक मारली. भाचीने फ्रेंचमध्ये सांगितलं की ही माझी मावशी, भारतातून आली, नकाशे काढायची. आजींनी नळ बंद केला आणि फाटक उघडलं. बिल्डिंग नवी होती तेव्हापासून त्या तिथे राहतात. त्यांच्या गच्चीत एक चेरीचं झाड आहे, गुलाब आहेत, आणि कोपऱ्यात पुदिना. मी वाकून मातीत बोट घातलं. कुंडीतली भुसभुशीत माती नव्हे ती. काळी, गार, गांडुळांची माती, बोट पूर्ण आत गेलं तरी तळ लागला नाही. खालच्या घराच्या छतावर एवढं वजन धरायचं म्हणजे स्लॅबचं गणित काय केलं असेल, वॉटरप्रूफिंग काय केलं असेल, हे माझ्या डोक्यात फिरायला लागलं. आजी हसून म्हणाल्या, गळती होते कधीकधी, मग खालची शेजारीण वर येते आणि आम्ही दोघी कॉफी पितो.

स्वयंपाकघर त्रिकोणी. मी आधी ओटा कुठे आहे ते पाहिलं. लांब भिंतीला ओटा, आणि जिथे दोन भिंती चिंचोळ्या होत टोकाला येतात तिथे काच. कपाट मावणार नाही अशा त्या कोपऱ्यात आजींनी एक खुर्ची ठेवली होती. खुर्चीत बसलं की दोन्ही बाजूंना झाडं दिसतात. मी बसले. भाची मला उठवायला आली तेव्हा बराच वेळ गेला होता. "फर्निचरचं काय करता?" असं मी विचारलं होतं, कारण आमच्याकडे क्लायंटचा पहिला प्रश्न तोच असायचा. आजींनी सांगितलं की मोठं कपाट त्यांनी येतानाच बहिणीला देऊन टाकलं. पहिले सहा महिने त्रास झाला. नंतर चौकोनी खोलीत झोप लागेनाशी झाली.

मग आजींनीच विचारलं, "तुम्ही रनोदीची इमारत बघायला आलात, पण रनेबद्दल तुम्हाला माहीत आहे का?"

मला तेवढं माहीत नव्हतं. हा लेख मी लिहिते आहे तो त्यामुळेच.

रने गायुस्ते या बाई रनोदींच्या कितीतरी आधी इव्रीत आल्या, 1962 मध्ये. जन्म 1929 चा, अल्जीरियातल्या ओरानचा. रास्पाय टॉवरपासून त्यांनी इथली एकेक इमारत बांधली आणि 1969 मध्ये त्या इव्रीच्या पुनर्रचनेच्या मुख्य आर्किटेक्ट झाल्या. मुख्य झाल्यावर त्यांनी रनोदींना या कामावर बोलावलं. म्हणजे जे टोकदार काँक्रीटचे तारे बघायला जगभरातून विद्यार्थी येतात, ते इथे उगवले ते बाईंनी जागा करून दिली म्हणून. रनोदींच्या कामाने त्या स्वतःही बदलल्या. टॉवर सोडून त्यांनीही गच्च्यांची, बागांची घरं काढायला सुरुवात केली. त्यातलं ल लिएगा नावाचं संकुल चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आर्किटेक्ट आपण बांधलेल्या सरकारी घरात सहसा राहायला जात नाहीत. बाई राहिल्या. ल लिएगामध्ये, भाडेकरूंच्या मधोमध, शेवटपर्यंत.

रनोदींना पुरस्कार 1978 मध्ये मिळाला आणि तो त्यांचा हक्कच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तीन वर्षांनी ते गेले. बाईंना मंत्रालयाने या पुरस्कारातला सन्मान दिला तो 2022 मध्ये, संपूर्ण कारकिर्दीसाठी. चव्वेचाळीस वर्षांनी. तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकादमीनेही त्यांना वास्तुकलेचं पारितोषिक दिलं. 2023 च्या जानेवारीत त्या गेल्या.

हा चव्वेचाळीसचा आकडा ऐकल्यावर मी आजींच्या त्या खुर्चीत पुन्हा जाऊन बसले. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली टायटल ब्लॉक असतो. आर्किटेक्टचं नाव मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली 'ड्रॉन बाय'च्या रकान्यात दोन अक्षरं, इनिशियल्स. तीस वर्षं माझी ती दोन अक्षरं तिथे होती. जिना कुठे वळावा हे कितीतरी वेळा मी सुचवलं आणि बांधलंही तसंच गेलं, पण उद्घाटनाच्या दिवशी आम्हाला ऑफिसात थांबून पुढची ड्रॉइंग संपवायला सांगितलेलं असायचं. गायुस्तेबाई ड्राफ्ट्समन नव्हत्या, मुख्य आर्किटेक्ट होत्या, आणि तरी चव्वेचाळीस वर्षं. मला राग आला आणि तो अजून आहे.

एक गोष्ट मात्र इथे सांगायला हवी, कारण ती आपल्याकडे पोचते. रनोदी 1968 पर्यंत ज्या आतलिए द माँरूज नावाच्या चौघांच्या गटात होते, त्यातल्या उरलेल्या तिघांना 1981 मध्ये हाच पुरस्कार मिळाला. त्या तिघांपैकी ज्याँ-लुई व्हेरे तरुणपणी अहमदाबादेत होते. ल कॉर्ब्युझिए या आर्किटेक्टच्या तिथल्या इमारतींची कामं साइटवर उभं राहून ते बघत होते. त्यातली साबरमतीकाठची गिरणीमालकांची इमारत मी वीस वर्षांपूर्वी पाहिली आहे. तिच्या तिरक्या काँक्रीटच्या फळ्यांना हात लावला होता तेव्हा फळ्यांवर शटरिंगच्या लाकडाचे रेषे उमटलेले होते. इव्रीच्या जिन्याच्या कठड्यावर हात फिरवताना मला ते रेषे आठवले.

दुसऱ्या दिवशी लाइनचं उत्तरेचं टोक. पोर्त द ला व्हिलेतला उतरलं की आद्रियां फेनसिल्बेर यांचं विज्ञान केंद्र. कत्तलखान्यासाठी उभारलेल्या अवाढव्य सांगाड्यातून त्यांनी ते घडवलं. पुरस्कार 1986 चा. समोर 36 मीटर व्यासाचा स्टीलचा चकाकता गोल, ज्यात आख्खं आकाश मावतं. मागच्या बागेत बर्नार चुमी यांचे लालभडक मंडप. त्यांचा पुरस्कार 1996 चा. दीड तास फिरलो, आइस्क्रीम खाल्लं. खरं सांगायचं तर मी घाईत होते.

पुढे दोन स्टेशनांवर फोर द ऑबेरव्हिलिए. इथे गायुस्तेबाईंचं सगळ्यात मोठं काम आहे, ला मालाद्ररी. नावाचा अर्थ महारोग्यांचं आश्रयस्थान, जागेचं जुनं नाव तसंच राहिलं. शेकडो घरं, कमी भाड्याची, मधे कलावंतांचे स्टुडिओ. गाड्यांचा रस्ता आत नाही. आत शिरलो आणि पाच मिनिटांत मी दिशा हरवले. रस्ता म्हणावा तर पायवाट, पायवाट म्हणावी तर कुणाच्या तरी गच्चीखालचा बोळ. इव्रीच्या टोकदारपणापेक्षा इथलं सगळं मवाळ आहे, वळणं जास्त आहेत, झाडंही इतकी वाढली आहेत की काही घरांचं फक्त दार दिसतं. दोन मुली स्कूटर ढकलत गेल्या. वरच्या गच्चीवरून एका माणसाने खालच्या गच्चीवरच्या माणसाला कात्री दोरीने खाली सोडली. दोघांनी आमच्याकडे पाहून हात केला.

काँक्रीट मात्र थकलं आहे. काही कोपऱ्यांत सळ्या गंजून वरचा थर सुटला आहे, गळतीचे काळे ओघळ आहेत. मला ते पाहून काळजी वाटली. ही घरं दुरुस्त करायला साध्या चौकोनी बिल्डिंगपेक्षा नक्कीच जास्त पैसा लागणार, आणि पैशाची गोष्ट निघाली की पहिला बळी मातीचा जाईल. गच्चीतली माती काढा, फरशी घाला, गळती बंद. हे वाक्य मी आमच्या ऑफिसात इतक्या वेळा ऐकलं आहे. 2008 चा पुरस्कार आन लाकातों आणि ज्याँ-फिलिप व्हासाल या दोघांना मिळाला. उभी इमारत पाडू नका, तिच्यात भर घाला, असं ते हट्टाने म्हणतात आणि करूनही दाखवतात. बोर्दोत त्यांनी आणखी दोन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन 530 जुन्या घरांना बाहेरून काचेच्या बागा जोडल्या, आणि ते काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहत होते. ला मालाद्ररीला असेच हात लागोत, एवढंच तिथे उभं राहून मनात आलं.

कुणाला जायचं असेल तर: सात नंबरला दक्षिणेकडे दोन फाटे आहेत, गाडीच्या पाटीवर 'मेरी दिव्री' वाचूनच चढा, नाहीतर व्हिलज्युईफला पोचाल. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्समध्ये वारसा दिवस असतात, अशा जागा बघायला ते दिवस चांगले. एरवी बोळांतून, जिन्यांवरून हिंडता येतं, पण ही लोकांची राहती घरं आहेत, तेव्हा आवाज हळू आणि खिडक्यांत कॅमेरा नको. इव्रीत ज्यान हाशेत बघून परत फिरू नका, ल लिएगापर्यंत चालत जा. रस्ता सापडला नाही तर तिथल्या कुणालाही गायुस्तेबाईंचं घर विचारा. आम्ही एका पाववाल्याला विचारलं होतं; तो दुकान सोडून कोपऱ्यापर्यंत आमच्याबरोबर आला.