भाव पडलाय, तेल कंपन्यांचे शेअर घेऊ का?

"मावशी, क्रूड पडलंय, ओएनजीसीसुद्धा अडीचशेच्या खाली आलाय, डिव्हिडंड पाच टक्क्यांचा दिसतोय. घेऊ का?" हा भाच्याचा प्रश्न. क्रूड म्हणजे कच्चं तेल, ओएनजीसी म्हणजे ते काढणारी सरकारी कंपनी, आणि डिव्हिडंड म्हणजे लाभांश, कंपनी नफ्यातून शेअरधारकांना वाटते तो पैसा. शब्द थोडे बदलून हेच मला सोसायटीतली निवृत्त मंडळी विचारतात, शाळेतल्या जुन्या सहकारी बाई विचारतात. तेल कंपन्यांचे शेअर माझ्या घरात वीस वर्षांहून जास्त काळ आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी 'घ्या' किंवा 'नको' असं सांगत नाही. मी उलट दोन गोष्टी विचारते. भाव कशामुळे पडला? आणि वाईटात वाईट वर्षी या कंपनीने किती लाभांश दिला होता?

माझं माहेर उरणचं. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रातलं तेल समुद्राखालच्या पाइपातून उरणला येतं, आणि तिथल्या प्रकल्पाची ज्योत आम्ही लहानपणापासून रात्रीच्या आकाशात पाहिलेली. २००४च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने ओएनजीसीतला दहा टक्के हिस्सा लोकांना विकायला काढला. भाव ठरला शेअरला ७५० रुपये. बाबांनी दहा शेअर घेतले. "आपल्या डोळ्यांसमोर चालणारं काम आहे," एवढंच त्यांचं कारण.

नंतर २००६ साली दोनास एक बोनस आला, म्हणजे दर दोन शेअरांमागे एक फुकट. २०११ साली दहा रुपये दर्शनी किमतीच्या (शेअरची मूळ नोंदलेली किंमत, बाजारभाव नव्हे) शेअरचे पाच-पाचचे दोन झाले आणि त्यावर एकास एक बोनस मिळाला. २०१६ साली पुन्हा दोनास एक. दहाचे नव्वद झाले. म्हणजे बाबांची खरेदी आजच्या हिशेबाने साधारण ८३ रुपयांची.

आता २०२०चा मार्च आठवा. रशिया आणि सौदी अरेबियाचं उत्पादन कमी करण्यावरून फिसकटलं, दोघांनीही तेलाचा पूर सोडला आणि त्याच वेळी कोरोनाने जगाची वाहतूक थांबवली. ओएनजीसीचा भाव साठीच्या घरात आला, आणखी खालीही जाऊन आला. सोळा वर्षं सांभाळलेल्या साडेसात हजारांचे सहा हजारही धड होत नव्हते. एप्रिलच्या २० तारखेला तर अमेरिकेतल्या क्रूडचा वायदा (पुढच्या तारखेला माल घेण्याचा आधीच ठरवलेला सौदा) शून्याखाली, उणे ३७ डॉलरवर बंद झाला. लाभांशावर जगणाऱ्या माणसांनी तो महिना विसरू नये. त्याच महिन्याच्या अखेरीस शेल कंपनीने लाभांश कापला. दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच, आणि तोही ४७ सेंटवरून थेट १६ सेंटवर.

त्या एप्रिलमध्ये मी सत्तर रुपयांच्या आसपास शंभर शेअर घेतले. त्यात धाडस काही नव्हतं. ते पैसे मला पुढची पाच वर्षं लागणार नव्हते आणि भाव पडण्याचं कारण मला समजलं होतं. जगाची गाडी कधी तरी पुन्हा सुरू होणार होती.

लाभांशाचं पुढे काय झालं ते बघा. २०१९-२० साठी शेअरला पाच रुपये मिळाले होते. २०२०-२१ साठी ३.६० मिळाले. मग १०.५०, मग ११.२५, आणि २०२३-२४ व २०२४-२५ या दोन्ही वर्षांना १२.२५. बाबांच्या नव्वद शेअरांना एका वर्षी ३२४ रुपये आले, तीन वर्षांनी अकराशेवर. कंपनी तीच, शेअर तेवढेच. म्हणून मी तेलाच्या लाभांशाला पेन्शन म्हणत नाही. ते कोरडवाहू शेतीतलं पीक आहे. गेल्या वर्षीचा पाऊस धरून यंदाचा खर्च ठरवता येत नाही, आणि मोबाइलवर दिसणारे ते 'पाच टक्के' नेमके गेल्या वर्षीच्या पावसाचेच असतात.

(इथे एक जण हमखास फसतो. 'कंपनीने २४५ टक्के लाभांश दिला' अशी बातमी येते. ते टक्के पाच रुपयांच्या दर्शनी किमतीवर मोजलेले असतात, तुमच्या खरेदीच्या भावावर नव्हे.)

दुसरी गोष्ट, 'तेल कंपनी' नावाचा एकच प्राणी नसतो. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया तेल जमिनीतून काढतात. क्रूड पडलं की त्यांची विक्रीच कमी पैशांत होते. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम क्रूड विकत घेतात, शुद्ध करतात आणि पंपावर विकतात. क्रूड पडलं की टाक्यांतल्या महाग साठ्यावर त्यांना आधी तोटा बसतो, पण पंपावरचा भाव तेवढाच राहिला तर पुढच्या तिमाहीत त्यांचं फावतं. म्हणजे एकाच बातमीने एकाचं घर बसतं तर दुसऱ्याचं उभं राहतं, आणि बाजार घाबरला की पहिल्या दिवशी दोघांनाही विकतो.

आणि या सगळ्यांवर मोठा हात सरकारचा. २०१२ ते २०१४ या काळात क्रूड शंभर डॉलरच्या वर होतं, पण इंधनाच्या अनुदानाचा भार उचलल्यावर ओएनजीसीच्या हाती पिंपामागे पन्नास डॉलरही उरत नसत. १ जुलै २०२२ला जादा नफ्यावरचा कर आला आणि त्या एका दिवसात शेअर सुमारे तेरा टक्के पडला. तो कर २०२४च्या डिसेंबरमध्ये गेला. पण याच हातामुळे लाभांशही येतो. ओएनजीसीत सरकारचा हिस्सा ५८ टक्क्यांहून जास्त, आणि सरकारी कंपन्यांनी नफ्याचा किमान ३० टक्के भाग किंवा नक्त मत्तेचा (मालमत्तेतून देणी वजा केल्यावर जे उरतं त्याचा) ठरावीक भाग, यातलं जे जास्त असेल ते वाटावं असा नियमच आहे. तिजोरीला गरज असते तेव्हा आपल्यालाही मिळतं.

हे सगळं माहीत असूनही मी चुकले आहे. २०२२मध्ये पंपवाल्या तीनपैकी एका कंपनीचे शेअर मी घेतले. भाव बराच उतरला होता आणि आदल्या वर्षांचा लाभांश पाहता परतावा मुदत ठेवीपेक्षा छान दिसत होता. भाव का उतरला, हा माझाच प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. त्या एप्रिलपासून पंपावरचे दर गोठले होते आणि क्रूड शंभरच्या वर होतं. कंपनी विकेल तेवढा तोटा करत होती. त्या वर्षाचा लाभांश मिळाला शून्य. पुढच्या वर्षी क्रूड उतरलं, पंपाचे दर मार्च २०२४पर्यंत तसेच राहिले आणि तिन्ही कंपन्यांनी मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा कमावला. शेअर सावरला. पण मधलं ते वर्ष घरखर्चासाठी लाभांशावर अवलंबून असलेल्या कुणाला झेपलं नसतं, आणि मला तेच लागून राहिलं.

तेव्हापासून माझ्या वहीत पहिला रकाना सर्वांत हलक्या वर्षाचा असतो. ओएनजीसीचे ३.६० घ्या. भाव सत्तर असताना ते पाच टक्के होतात, २४० असताना दीडच. म्हणजे २०२०ची पडझड आणि तीनशेच्या वरून २४०ला येणं, या दोन्हींना 'भाव पडलाय' म्हणतात, पण त्या एक नव्हेत. हा हिशेब कडक आहे हे मी मान्य करते. त्याच्यामुळे १३० रुपयांच्या आसपास मी हात आखडता घेतला आणि पुढची मोठी तेजी माझ्या नव्या पैशांशिवाय गेली. माझ्या वयाला तो कडकपणा मला हवा आहे.

भाच्याला मात्र मी दुसरा रकाना दिला. त्याचा पगार चालू आहे, एक वाईट वर्ष तो काढू शकतो. त्याने २०२०-२१पासूनच्या पाच वर्षांची सरासरी धरावी. ती जवळपास दहा रुपये निघते, म्हणजे २४० रुपयांवर चार टक्क्यांच्या थोडी वर. त्यातून कर वजा करायचा. १ एप्रिल २०२०पासून लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवला जातो, आणि भाचा तीस टक्के कराच्या टप्प्यात आहे. हातात उरतात तीन टक्क्यांच्या आतबाहेर. एवढ्यासाठी घ्यायचे असतील तर बँकेची ठेव बरी, मी त्याला सांगितलं. कंपनी पुढच्या काही वर्षांत जास्त तेल आणि वायू काढेल असं वाटत असेल, तरच घे.

त्याने आठवडाभर ताळेबंद वाचले, मला तीनदा फोन केला आणि शेवटी वीस शेअर घेतले. पन्नास घेणार होता. उरलेल्या तिसांचे पैसे त्याने वेगळे ठेवलेत, क्रूड आणखी उतरलं तर म्हणून.