साठ-शून्य

मॉरिशसमधल्या फ्लिक-आं-फ्लाकचा समुद्र सुंदर आहे. फोटो सगळ्यांनी पाहिलेत, तेव्हा ते राहू दे. तिथला मला सांगावासा वाटतो तो ११ नोव्हेंबर २०२४ चा सोमवार.

आदल्या दिवशी संसदेचं मतदान झालेलं. मोजणी तिथे दुसऱ्या दिवशी असते. आमचा टॅक्सीवाला गाडी घेऊन आला खरा, पण रेडिओ बंद करेना. बायको वैतागली. तिथली बोलीभाषा क्रिओल मला ओ की ठो कळत नव्हती. तो हिंदीतून समजावत होता. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडचे, उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आलेले. त्याच्याकडे मराठी उरलीय ती आरतीपुरती.

तिथे बेटावरच्या प्रत्येक मतदारसंघातून तीन खासदार, म्हणून मतदारालाही तीन मतं. "वाटून देता येतात, पण यंदा तिन्ही एकीकडेच," तो म्हणाला. राग कशाचा? फोनवरच्या खासगी संभाषणांच्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि सरकारने १ नोव्हेंबरला समाजमाध्यमंच बंद करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी आदेश मागे घ्यावा लागला. "महागाई सोसली असती हो. पण घरातलं बोलणं ऐकायचं?"

मग तो उमेदवारांच्या जाती-जमातींवर घसरला. अर्जावर हिंदू, मुस्लिम, चिनी की 'जनरल पॉप्युलेशन' (म्हणजे उरलेले सगळे) हे लिहावं लागतं. मराठी हिंदूंतच मोजले जातात, पण तिकीटवाटपात मराठी, तमिळ, तेलुगू असा वेगळा हिशेब चालतो म्हणे. इतका विमानखर्च करून हेच ऐकायचं होतं तर नागपूर काय वाईट होतं!

निकाल: ६२ पैकी ६० जागा माजी पंतप्रधान नवीन रामगुलाम यांच्या विरोधी आघाडीला, उरलेल्या दोन रॉड्रिग्ज या छोट्या बेटाच्या. पंतप्रधान प्रविंद जुगनॉथ स्वतःच्या मतदारसंघातही पडले. असा साठ-शून्य १९८२ आणि १९९५ मध्येही झाला होता. मला हे काही रुचलं नाही. चौथ्या हिश्श्याहून जास्त मतं मिळवूनही हरलेल्या आघाडीची मुख्य बेटावर एकही जागा नाही. पुढे विरोधी पक्षनेते झालेले जो लेजोंगार्डही पराभूतांना जागा देणाऱ्या 'बेस्ट लूझर' तरतुदीतूनच संसदेत आले.

"आणि नवं काय?" मी विचारलं. १९६८ च्या स्वातंत्र्यापासून २००३-०५ सोडता पंतप्रधानपद रामगुलाम आणि जुगनॉथ या दोन घराण्यांतच फिरतंय. तो हसला आणि हॉर्न वाजवत लाल-जांभळ्या झेंड्यांच्या मिरवणुकीत गाडी घातली. आमची बोट चुकली. पैसे परत मिळाले नाहीत.