किड्यामुंग्यांची गाणी

स्मरणिकेत बाईंच्या आणि गुरुजींच्या आठवणी पुष्कळ येतील. मला लिहायचं आहे ते आपल्या बालवर्गाच्या गाण्यांबद्दल, त्यातही मुंगी, मुंगळा, रातकिडा यांच्या गाण्यांबद्दल. ही गाणी नुसती गोड असून भागत नाही, पोरं खुदकन हसली पाहिजेत. ते हसू कुठून येतं?

आपल्या सांगली भागातल्या गुऱ्हाळावर कुणीही पाहिलेली गोष्ट घ्या:

एक मुंगळा फार शहाणा,
गुळात रुतला, 'अजून आणा!'

प्रत्येक ओळीत आठ-आठ मात्रांचे दोन तुकडे आहेत. टाळी 'एक', 'फार', 'गुळात' आणि 'अजून' यांच्या पहिल्या अक्षरावर पडते, म्हणजे एकूण चार टाळ्या. 'फार'ऐवजी 'मोठा' घालून पाहा. एकच मात्रा वाढते, पण पोरांची टाळी मागे पडते आणि सगळा वर्ग विस्कटतो. अर्थ तोच, तरी गाणं बसत नाही.

दुसरी गोष्ट, किडा खरा हवा. पाय चिकटले तरी मुंगळा गूळ सोडत नाही, हे पोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, म्हणून 'अजून आणा' लागू पडतं. रातकिडा पंखावर पंख घासून किरकिरतो, तेव्हा त्याचा घसा बसण्यापेक्षा पंख दुखण्यात जास्त मजा आहे. मृगाच्या पहिल्या पावसानंतर शेतात लाल मखमली किडा निघतो, त्याला पाय आठ. तो चांभाराकडे चार जोड वहाणा मागायला गेला की पहिलीतलं पोरगंसुद्धा बोटं मोजायला लागतं. 'गोगलगाय, पोटात पाय' ही म्हण तर शब्दशः खरी आहे. ती पोटाखालच्या स्नायूवरच सरपटते.

शेवटी 'म्हणून हाव करू नये' अशी ओळ जोडायचा मोह मोठ्यांना हटकून होतो. ती जोडली की मुंगळा गेला आणि शिकवणी सुरू झाली. पोरं लगेच चुळबूळ करायला लागतात. ही ओळ माझ्या मते कधीच घालू नये.

म्हणायची पद्धतही ठरलेली हवी. चार-पाच वर्षांच्या मुलांना दोन ते चार ओळी पुरतात. सुरुवात सावकाश करायची, कारण मुलं आपोआप वेग वाढवतात आणि शेवटचा शब्द गोंगाटात बुडतो. 'रुतला'नंतर क्षणभर थांबायचं. हसू त्या थांबण्यात साठतं. 'अजून आणा' तोंडात गूळ भरल्यासारखं, पण अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं. म्हणणाराच आधी हसला तर पोरं त्याच्याकडे बघत बसतात, मुंगळ्याला विसरतात.

पहिल्यांदा मोठ्यानं, दुसऱ्यांदा कुजबुजत. तिसऱ्यांदा शब्द नाहीतच, फक्त टाळ्या, आणि 'आणा'च्या जागी वर्गभर नुसतीच उघडलेली तोंडं.