रंग कुणी भरले?

"बाई, मग बाकीचा मेंदू तेव्हा बंद असतो का?"

पडद्यावर राखाडी मेंदू, त्यात एक लालभडक ठिपका. भीती वाटली की हा भाग उजळतो, असं निवेदक भारदस्त आवाजात सांगत होता. प्रश्न मागच्या बाकावरून आला. मी माहितीपट थांबवला.

उजळत काहीच नाही. अशी चित्रं काढणारं एफएमआरआय यंत्र टिपतं तो रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल, आणि तोही चेतापेशींच्या कामाच्या चार-सहा सेकंद मागून येणारा. भीती वाटतानाचा आणि एरवीचा मेंदू यांच्या तुलनेत जिथे फरक ठळक दिसतो, तिथे संगणक रंग भरतो. बाकीचा मेंदू कामातच असतो. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण नुसतं बसून राहिलो तरी सुमारे २० टक्के ऊर्जा तोच खातो.

"म्हणजे किती फरकाला लाल करायचं, हे कुणीतरी ठरवलंय!" तोच मुलगा.

अगदी बरोबर. आणि हे त्या माहितीपटात कुठेच नव्हतं.

माहितीपट मी दाखवणारच. चेतापेशी फळ्यावर काढताना माझी जी तारांबळ उडते, ती मुलांना पाठ आहे. पण ते संगीत, तो ठाम आवाज... शंकेला जागाच राहत नाही. सलग लावला की वर्ग गप्प बसतो, आणि ती शांतता आपल्यालाही सोयीचीच असते की!

हल्ली मी मध्येच थांबवून विचारते, "हे यांना कळलं कसं असेल?" अभ्यासक्रम मागे पडतो, ते वेगळंच.

तुम्ही थांबवता का मध्ये? मुलं वैतागत नाहीत?