तुम्ही विचारलंत म्हणून: ओंबळ्यांची चार वर्षं

"ज्याला पकडताना तुकाराम ओंबळे गेले, त्याला चार वर्षं तुरुंगात सांभाळून काय मिळवलं? तिथेच चौपाटीवर संपवायला हवा होता." २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात जिवंत पकडलेल्या अजमल कसाबबद्दलचा हा प्रश्न मला वरचेवर येतो. मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना फौजदारी प्रक्रिया शिकवतो आणि अटकेचा धडा ओंबळ्यांच्या नावाने सुरू करतो, त्यामुळे वर्गात तो निघतोच. पण लग्नकार्यात शेजारी बसलेले पाहुणेही विचारतात, रेल्वेच्या डब्यात ओळख झालेले सहप्रवासीही विचारतात. विचारणाऱ्याच्या मनात ओंबळ्यांबद्दल आदर असतो आणि त्यांच्या मरणाचा राग असतो. दोन्ही खरं आहे, म्हणून हा प्रश्न मला कधीच उडवून लावता आला नाही. उभ्या उभ्या त्याचं उत्तरही देता येत नाही.

आधी त्या माणसाबद्दल. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे ओंबळ्यांचं गाव. लष्कराच्या सिग्नल विभागात नोकरी करून ते नायक म्हणून निवृत्त झाले आणि मग मुंबई पोलिसांत आले. २००८ साली ते डी. बी. मार्ग पोलीस ठाण्यात सहायक फौजदार होते. फौजदारकीच्या पायऱ्यांवरची ही अगदी खालची पायरी. या हुद्द्याचा माणूस रात्री रस्त्यावर उभा असतो, गाड्या थांबवतो, कागद बघतो, दारूचा वास घेतो, शिव्या ऐकतो आणि सकाळी घरी जातो.

२६ नोव्हेंबरच्या त्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ लावलेली नाकाबंदी मात्र नेहमीची नव्हती. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अजमल कसाब आणि इस्माईल खान या दोघांनी बेछूट गोळीबार केला होता. तिथे रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे यांनी त्यांना तोंड दिलं आणि त्यातच त्यांचा जीव गेला. पुढे कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत पोलीस अधिकारी हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्या गाडीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. त्यांचीच गाडी घेऊन दोघे निघाले, वाटेत एक स्कोडा बळकावली आणि मरीन ड्राइव्हने चौपाटीच्या दिशेने आले. गाडीचं वर्णन बिनतारी संदेशाने नाकाबंदीपर्यंत आधीच पोहोचलं होतं.

मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी बॅरिकेडच्या अलीकडे थांबली. पोलिसांनी पुढचे दिवे बंद करायला सांगितलं, तर इस्माईलने काचेवर पाण्याचे फवारे सोडून वायपर सुरू केले, म्हणजे आतलं काही दिसू नये. मग गाडी वळवून पळायला गेला आणि दुभाजकावर अडकला. चकमकीत पोलिसांच्या गोळ्या लागून तो पडला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला, हातात एके-४७. ओंबळ्यांच्या हातात काठी होती. त्यांनी झेप घेऊन रायफलची नळी धरली. कसाबने चाप ओढला, गोळ्या त्यांच्या अंगात गेल्या, तरी पकड सुटली नाही. पोलीस अधिकारी संजय गोविलकरही जखमी झाले. त्या काही क्षणांत बाकीचे पोलीस काठ्या घेऊन कसाबवर तुटून पडले आणि तो जिवंत हाती लागला.

वर्गात हमखास कोणीतरी विचारतं, गोळ्या किती लागल्या? त्या चर्चेत मी शिरत नाही. गोळ्यांचा आकडा मोठा केल्याने ओंबळे मोठे होत नाहीत. मी मुलांना फळ्याकडे बघायला सांगतो. तिथे अटकेचं कलम लिहिलेलं असतं. फौजदारी प्रक्रिया संहितेत ते ४६वं होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात ते ४३वं आहे. कलम सांगतं की माणूस बोलून किंवा वागून स्वतःहून ताब्यात येत नसेल, तर पोलिसाने त्याच्या शरीराला प्रत्यक्ष हात लावला पाहिजे किंवा त्याला अडकवून ठेवलं पाहिजे. तेव्हा अटक होते. हे कलम इंग्रजांच्या काळापासून चालत आलंय. पाकीटमाराच्या दंडाला धरणाऱ्या हवालदारालाही ते लागू होतं. ओंबळ्यांनी त्या रात्री जे केलं ते कायद्याच्या भाषेत हेच होतं. त्यांनी अटक केली. अशोकचक्र मिळालेल्या माणसाबद्दल हे फार लहान वाक्य वाटेल, पण मला यापेक्षा मोठं वाक्य सुचत नाही.

याच कलमात असंही आहे की फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यातला आरोपी अटकेला विरोध करत असेल, तर गरज पडल्यास त्याचा जीव जाईल इतकं बळही वापरता येतं. म्हणजे चौपाटीवर इस्माईल मेला त्यात बेकायदा काही नव्हतं. झटापटीत कसाब मेला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. पण एकदा तो निःशस्त्र होऊन जमिनीवर पडला, धरला गेला, की ती मुभा संपते. ज्या पोलिसांच्या डोळ्यांसमोर त्यांचा सहकारी कोसळला होता, त्यांनी त्याला जिवंत ठेवलं आणि रुग्णालयात नेलं. त्या पोलिसांबद्दल आपण फारच कमी बोलतो. ओंबळ्यांनी जीव देऊन केलेलं काम त्यांनी वाया जाऊ दिलं नाही.

आता "काय मिळवलं" याकडे येतो.

हल्लेखोर खोटी ओळखपत्रं घेऊन आले होते, भारतीय विद्यार्थ्यांची. दहाच्या दहा मेले असते, तर ते कोण, कुठले, यावर आजही वाद घालता आला असता. जिवंत माणसाने नाव सांगितलं, गाव सांगितलं, कुठे शिकवणी झाली, कराचीहून कसे निघाले, सगळं सांगितलं. पाकिस्तानने सुरुवातीला कानावर हात ठेवले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यांच्या गृहखात्याच्या प्रमुखांना कटाचा काही भाग पाकिस्तानात शिजल्याचं जाहीरपणे मान्य करावं लागलं. त्याच महिन्यात कसाबने महिला दंडाधिकाऱ्यांसमोर कबुलीजबाब दिला. तो एका बैठकीत उरकला नव्हता. विचार करायला त्याला वेळ दिला, पुन्हा पुन्हा विचारलं, तुझ्यावर दबाव आहे का, हे तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल हे कळतंय का, आणि मगच लिहून घेतलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात त्या जबाबावर हल्ला झाला तेव्हा तो टिकला, तो या काळजीमुळेच.

आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर खटला चालला. सहाशेहून अधिक साक्षीदार. मे २०१० मध्ये फाशीची शिक्षा, फेब्रुवारी २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब, २९ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी. १६६ जणांचे बळी घेणाऱ्या हल्ल्याच्या खटल्याला चार वर्षं लागली, ती मला जास्त वाटत नाहीत. आपल्याकडे जमिनीच्या बांधाचा दावा याच्या कितीतरी पट चालतो.

बिर्याणीचंही सांगून टाकतो, कारण पुढचा प्रश्न तोच असतो. कसाबला तुरुंगात बिर्याणी खाऊ घातली, ही गोष्ट खरी नाही. ती आपण रचली होती, असं विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतः २०१५ मध्ये सांगितलं. त्या वेळी आरोपीबद्दल सहानुभूतीची हवा तयार होत होती, ती मोडण्यासाठी, असं त्यांचं म्हणणं. कारण काहीही असो, त्या खोट्या गोष्टीने ओंबळ्यांच्या कामाचं नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. अतिशय कष्टाने चालवलेला खटला लोकांच्या डोक्यात जेवणाच्या ताटापुरता उरला.

या खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपीही होते. पुरावा पुरेसा नाही म्हणून विशेष न्यायालयाने त्यांना सोडलं. सरकारने अपील केलं, तरी उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात ती सुटका कायम राहिली. देश इतका संतापलेला असताना, त्याच खटल्यात, त्याच न्यायाधीशांनी हे केलं. कसाबच्या शिक्षेवर मी विश्वास ठेवतो त्याचं हे एक मोठं कारण आहे. जे न्यायालय सोडू शकतं, त्याने दिलेली शिक्षा पक्की असते.

आणि मग माझ्या विषयातली गोष्ट, जी माझ्या मते सगळ्यांत मोलाची आहे आणि जवळजवळ कोणालाच माहीत नसते.

कसाबला वकील मिळणं सोपं नव्हतं. त्याची बाजू घ्यायला कोणी तयार होईना, जे पुढे आले त्यांना लोकांचा राग सोसावा लागला. शेवटी न्यायालयानेच वकील नेमले. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन आणि गौरव अगरवाल यांनी न्यायालयाच्या सांगण्यावरून त्याची बाजू मांडली. रामचंद्रन यांचा एक मुद्दा असा होता की अटकेनंतर लगेच वकील न मिळाल्यामुळे सगळा खटलाच बाद ठरतो. न्यायालयाने तो मानला नाही. मात्र तो फेटाळताना न्यायमूर्ती आफताब आलम आणि चंद्रमौली कुमार प्रसाद यांच्या खंडपीठाने देशातल्या सगळ्या दंडाधिकाऱ्यांना आदेश दिला. आरोपी पहिल्यांदा समोर आणला जाईल तेव्हा त्याला सांगायचं की तुला वकील घेण्याचा हक्क आहे, आणि ऐपत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळेल. हे सांगण्यात कसूर केली तर त्या दंडाधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई होऊ शकेल.

आज एखाद्या तालुक्याच्या कोर्टात मोबाईल चोरीच्या संशयावरून धरून आणलेला, अंगठा उठवणारा पोरगा उभा राहतो, आणि साहेब त्याला विचारतात, "वकील आहे का? नसेल तर देऊ." त्या पोराला ओंबळे माहीत नसतात. पण ज्या निकालामुळे तो प्रश्न टाळणं साहेबांना महागात पडू शकतं, तो निकाल कसाबच्या खटल्यातला आहे, आणि ओंबळ्यांनी ती नळी सोडली असती तर तो खटला उभाच राहिला नसता. माझे विद्यार्थी उद्या वकील होतील, काही न्यायाधीश होतील. त्यांनी ओंबळ्यांना या धाग्यानेही ओळखावं, असं मला फार मनापासून वाटतं.

रामचंद्रन आणि अगरवाल यांनी न्यायालयाने ठरवून दिलेलं मानधन हल्ल्यात बळी गेलेल्या पोलिसांच्या आणि सुरक्षा जवानांच्या कुटुंबांना द्यावं अशी विनंती केली, आणि न्यायालयाने ती मान्य केली. कसाबची बाजू मांडल्याचे पैसे त्या अठरा घरांसाठी गेले. हे सांगितलं की वर्गात मुलं एकमेकांकडे बघतात, आणि मी त्यांना थोडा वेळ बघू देतो.

एक प्रामाणिक विद्यार्थिनी मला म्हणाली होती, "सर, ओंबळ्यांनी तेव्हा एवढा विचार केला नसणार." बरोबर आहे. नळी धरताना कोणी कलम आठवत नाही. पण वर्षानुवर्षं गाडी थांबवायची, माणूस उतरवायचा, ताब्यात घ्यायचा हेच काम ज्याने केलं, त्याचे हात त्या क्षणी तेच करतात. हे मी त्यांचं शौर्य कमी करायला म्हणत नाही. ते शौर्य पोलिसाचं होतं, एवढंच सांगायचंय. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे, ठाणे परिसरात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, याचा मला आनंद आहे. पण गाडी थांबवताना मेलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला एवढं येत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला वाहतूक पोलीस विलास शिंदे यांनी हेल्मेट न घातलेल्या एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवून कागदपत्रं मागितली. त्यावरून त्यांच्या डोक्यात बांबू घातला गेला आणि काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. समोर दहशतवादी नव्हता, पण काम तेच होतं, गाडी थांबवायची आणि कागद मागायचे. ओंबळ्यांनंतर मी वर्गात त्यांचंही नाव घेतो. २१ ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनाला, म्हणजे १९५९ साली लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्जला चिनी सैनिकांच्या गोळीबारात दहा पोलीस पडले त्या दिवशी, देशभर संचलनात वर्षभरात कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचतात. नवी दिल्लीत चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, तिथल्या भिंतीवर हजारो नावं कोरलेली आहेत. त्यातली बहुतेक आपण कधी ऐकलेलीही नाहीत.

म्हणून पुन्हा कोणी विचारलं की चार वर्षं सांभाळून काय मिळवलं, तर त्यांना तो निकाल वाचायला सांगा. इंटरनेटवर फुकट मिळतो. लांबलचक आहे, पण चौपाटीवरच्या नाकाबंदीचा भाग तरी वाचा, आणि दंडाधिकाऱ्यांना दिलेला आदेश वाचा.