तुम्ही विचारलंत म्हणून: होल्डनला झालंय तरी काय?

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीतल्या होल्डन कॉलफिल्डचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला. न्यूयॉर्कच्या खात्यापित्या घरातला सोळा वर्षांचा पोरगा, वडील वकील, महागड्या शाळा. मग सारखी किरकिर कशाची? जगाला ढोंगी म्हणतो आणि स्वतः आगगाडीत भेटलेल्या बाईला धडाधड थापा मारतो!

मारतो. पण पाचवं प्रकरण परत वाचा, सावकाश.

वसतिगृहात खोलीतला जोडीदार स्ट्रॅडलेटर त्याला निबंध लिहून मागतो. एखाद्या खोलीचं किंवा घराचं वर्णन हवंय. होल्डनला खोली सुचतच नाही. तो लिहितो धाकट्या भावाच्या, ॲलीच्या, बेसबॉलच्या हातमोज्यावर. डावखुऱ्याचा मोजा. बोटांवर, खोबणीत, सगळीकडे हिरव्या शाईने कविता लिहिलेल्या. मैदानात उभं असताना, बॅटिंगला कोणी आलेलं नसलं की वाचायला काहीतरी हवं म्हणून. आणि लगेच पुढे कळतं की ॲली ल्युकेमियाने गेला, १८ जुलै १९४६ला. ॲली अकरा वर्षांचा, होल्डन तेरा. त्या रात्री होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि मुठीने तिथल्या सगळ्या काचा फोडल्या. मोटारीच्याही फोडणार होता, पण तोवर हात मोडला होता. पाऊस असला की तो हात अजून दुखतो, मूठ घट्ट वळत नाही. इस्पितळात असल्यामुळे भावाच्या अंत्यविधीलाही तो नव्हता; हे तर तो थेट विसाव्या प्रकरणात सांगतो, तेही ओझरतं. स्ट्रॅडलेटर निबंध वाचून भडकतो, कारण त्यात खोली नाही. होल्डन कागद फाडून टाकतो.

या मुलाला किरकिऱ्या म्हणताना जीभ अडखळायला हवी, असं मला अजूनही वाटतं. शाळेतून काढून टाकल्यावर शनिवारपासून सोमवारपर्यंत तो भटकतो. म्हातारे मास्तर नापास झालेल्या पेपरबद्दल बोलतात, दुसरे मास्तर शिक्षणाचं महत्त्व सांगतात. ॲलीबद्दल कोणीच विचारत नाही. दहा वर्षांची धाकटी बहीण फीबी तेवढी विचारते, तुला आवडणारी एक तरी गोष्ट सांग. तो ॲलीचं नाव घेतो आणि तीच त्याला सांगते, ॲली मेलाय. नेमाड्यांच्या ‘कोसला’तली मनी, पांडुरंगची लहानपणीच गेलेली बहीण, आठवणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

तरी पूर्वी मी सगळं याच दुःखावर टाकायचे, तसं आता टाकवत नाही. तसं केलं की त्याचा राग नुसतं आजाराचं लक्षण होऊन बसतो. तिसऱ्या प्रकरणातला ऑसेनबर्गर बघा. माणशी पाच डॉलरमध्ये घरच्यांना पुरून देण्याच्या धंद्यावर गब्बर झालेला, शाळेला देणगी देऊन वसतिगृहाच्या एका भागाला स्वतःचं नाव लावून घेतलेला, आणि पोरांना प्रार्थनेवर व्याख्यान देणारा. याला ढोंगी म्हणायला घरात कोणी मेलेलं असावं लागत नाही. पण मग हेही वाटतं, की माणसं पुरण्याच्या धंदेवाल्यावरच हा पोरगा इतका का उखडतो? ॲलीचं नावसुद्धा अजून यायचंय तिथे. मी दोन्ही बाजूंनी भांडून पाहिलंय, निकाल लागत नाही.

त्याच्यासोबत फिरायला आलेल्या मैत्रिणीला, सॅली हेजला, तो जे लागट तोंडावर बोलतो आणि वर हसतो, त्याची बाजू मात्र मी घेणार नाही. ती रडते, आणि तिचं रडणं खरं आहे.